एमएमएवर बंदी हवी का? आधी पिंजऱ्यात काय चालतं ते पाहू

पिंजरापंथी

दर काही महिन्यांनी कुठल्यातरी एमएमए (मिक्स्ड मार्शल आर्ट्स, म्हणजे ठोसे-लाथा आणि पकडी एकत्र असलेली पिंजऱ्यातली झुंज) लढतीची रक्ताळलेली क्लिप फिरते आणि "हा खेळ आहे की खाटीकखाना" असा वाद पेटतो. वादाला हरकत नाही, पण त्यात उतरणाऱ्या बऱ्याच जणांच्या डोक्यात अजून १९९३ चं चित्र असतं. म्हणून हा धागा. बंदी हवी की नको यावर मतं जरूर मांडा, पण नियम, इजा आणि पैसा यांबद्दल बोलाल तेव्हा तपशील द्या. "बघवत नाही" हे मान्यच आहे, त्यावर वाद घालण्यासारखं काही नाही.

इतिहास थोडक्यात. १२ नोव्हेंबर १९९३ ला डेन्व्हरमध्ये यूएफसीचा (आज या खेळातली सगळ्यात मोठी आयोजक कंपनी) पहिला कार्यक्रम झाला. वजनगट नाहीत, गुण देणारे पंच नाहीत. चावायचं नाही, डोळ्यात बोटं घालायची नाहीत, बाकी रान मोकळं. पहिल्याच लढतीत जेरार्ड गोर्डोने खाली पडलेल्या टेला तुलीच्या तोंडावर लाथ घातली, दात उडाला आणि २६ सेकंदांत खेळ खलास. (त्याच रात्री आर्ट जिमरसन हा बॉक्सर एकाच हातात ग्लोव्ह घालून उतरला होता. कोणाला काय करायचंय याचा पत्ताच नव्हता.) "काहीही चालतं" अशी जाहिरात आयोजकांनीच केली आणि तीच त्यांच्या अंगाशी आली. १९९६ मध्ये सिनेटर जॉन मकेन यांनी याला माणसांची कोंबडझुंज म्हटलं, अमेरिकेतल्या पन्नासही गव्हर्नरांना पत्रं धाडली आणि ३६ राज्यांनी दारं लावून घेतली.

आज जवळपास सगळीकडे चालतात ते युनिफाइड रूल्स २०००-०१ मध्ये न्यू जर्सीत तयार झाले. ५ मिनिटांचे ३ राउंड, विजेतेपदाच्या लढतीला ५, मधे १ मिनिट विश्रांती. साधारण ४ औंसांचे ग्लोव्ह्ज. डोक्याने ढुशी, मागच्या बाजूने डोक्यावर किंवा मणक्यावर फटका, गळ्यावर प्रहार, एकेक बोट धरून पिरगाळणं, जांघेत मारणं, पडलेल्याच्या डोक्याला लाथ किंवा गुडघा, हे सगळं फाउल.

माझं म्हणणं असं की रक्त आणि पिंजरा हा यातला सगळ्यात निरुपद्रवी भाग आहे. खरं नुकसान वजन उतरवताना, सरावात, उशिरा थांबवलेल्या लढतीत आणि करारात होतं. बंदीवाले आणि समर्थक, दोघांचंही तिकडे लक्ष नाही.

कडूकारलं

नियमांची यादी वाचून बरं वाटलं, पण मूळ आक्षेप तिथे नाहीच. फुटबॉलमध्ये पाय मोडला तर तो अपघात किंवा फाउल. इथे समोरच्याला इजा करणं हाच गुण मिळवायचा मार्ग आहे. पंचांच्या निकषांत पहिलं काय येतं? परिणामकारक फटके आणि पकडी, म्हणजे समोरच्यावर त्यांचा किती "परिणाम" दिसला. सरळ सांगायचं तर किती लागलं. तत्त्वज्ञ कांटच्या भाषेत, समोरच्या माणसाला तुम्ही नुसतं साधन करून टाकता, तेही त्याच्या शुद्धीवर घाला घालून. दोघांनी एकमेकांना तशी परवानगी दिली म्हणून कृत्य बदलत नाही.

लंगोटबंद

कारलेबुवा, मुद्दा वजनदार आहे, पण तो अर्ध्या खेळाला लागू होतो. पकडीच्या बाजूचं थोडं पाहा.

रिअर नेकेड चोकमध्ये (मागून हातांनी मान आवळायची पकड) दंड मानेच्या एका बाजूला, पुढचा हात दुसऱ्या बाजूला आणि कोपर बरोबर हनुवटीखाली येतं. श्वासनलिका त्या कोपराच्या खोबणीत मोकळी राहते. दाब पडतो तो दोन्ही बाजूंच्या कॅरोटिड धमन्यांवर. नीट बसला तर ८-१० सेकंदांत शुद्ध हरपते आणि सोडल्यावर बहुतेक वेळा अर्ध्या मिनिटाच्या आत परत येते. हात सरकून पुढचं हाड थेट गळ्यावर आलं तर मात्र ती वेगळीच गोष्ट. तिथे शुद्ध जायच्या आधी वेदना येते आणि श्वासनलिकेला इजा होऊ शकते.

आता आर्मबार. कोपर जिथवर सरळ होतं त्याच्या पुढे ते न्यायचं, पण मधे थांबायला जागा आहे. दोन टिचक्या मारल्या (म्हणजे टॅप केला, हार मानली), लढत संपली, दोघंही धडधाकट घरी. हरणाऱ्याला "पुरे" म्हणायचा हक्क आणि तो ऐकणं समोरच्याला बंधनकारक, ही सोय बॉक्सिंगमध्ये इतक्या सहज नाही. कांटला हे चाललं असतं असं मला वाटतं.

अपवाद हील हूकचा. पाय काखेत अडकवून टाच फिरवली की पाऊल तरफेसारखं काम करतं आणि पिळा बसतो तो गुडघ्याला. घोटा दुखेल म्हणून वाट बघणारा फसतो, कारण वेदना जाणवते तोवर गुडघ्याचे अस्थिबंध फाटायला लागलेले असतात. म्हणून यात टॅप दुखल्यावर करायचा नसतो, पकड लागल्याचं कळलं की करायचा. बऱ्याच ग्रॅपलिंग (नुसत्या पकडींच्या) स्पर्धांत नवख्यांना हील हूक बंदच असतो आणि ते योग्यच आहे.

कडूकारलं

टिचकी मारायचा हक्क असतो हे खरं. पण ठोसे खात पडलेल्याला तो कितीसा वापरता येतो?

मज्जारज्जू

हाच कळीचा प्रश्न. मेंदूचं बघू.

नॉकआउट होतो तो मुख्यतः डोकं झटक्यात फिरल्याने. हनुवटी ही लांब तरफ. तिच्या टोकाला हूक बसला की कवटी फिरते, आतला मेंदू मागे राहतो आणि मग ताण घेत फिरतो. पडताना हात पुढे ताठ झाले, बोटं वाकडी झाली तर समजावं की मेंदूच्या खोलवरच्या भागाला धक्का पोचलाय. त्या क्षणापासून मारलेला प्रत्येक फटका निव्वळ नुकसान आहे, कारण मानेचे स्नायू सैल पडलेले असतात आणि डोकं आवरायला कोणी नसतं.

टोरोंटो विद्यापीठाच्या संशोधकांनी २००६ ते २०१२ मधल्या यूएफसीच्या ८४४ लढतींचे व्हिडिओ तपासले. नॉकआउट करणारा फटका आणि लढत थांबणं यांत सरासरी ३.५ सेकंद गेले आणि तेवढ्यात डोक्यावर सरासरी २.६ फटके आणखी बसले. टीकेओचं (शुद्ध न हरपताही लढणं अशक्य झालं म्हणून थांबवलेली लढत) चित्र त्याहून वाईट: थांबवण्याआधीच्या शेवटच्या ३० सेकंदांत सरासरी १८.५ फटके, त्यातले ९२ टक्क्यांहून जास्त डोक्यावर. या खेळातलं क्रौर्य मोजायचं असेल तर मोजपट्टी या ३० सेकंदांना लावा.

दुसऱ्या पारड्यात कॅनडातल्याच अल्बर्टाचा अभ्यास टाका. लढतीनंतरच्या तपासण्यांच्या दहा वर्षांच्या नोंदी, ११८१ एमएमए लढवय्ये आणि ५५० बॉक्सर. एमएमएत काही ना काही इजा झालेले ५९.४ टक्के, बॉक्सिंगमध्ये ४९.८. पण शुद्ध हरपलेले एमएमएत ४.२ टक्के आणि बॉक्सिंगमध्ये ७.१. म्हणजे फाटलेली चामडी, ओरखडे, मोडलेली बोटं इथे जास्त, बेशुद्धी तिथे. बॉक्सिंगमध्ये पडलेल्याला आकडे मोजून उठू देतात आणि मेंदूला धक्का बसलेला माणूस पुन्हा मार खायला उभा राहतो. १२ राउंड असतील तर हे अनेकदा होऊ शकतं. मोठे मऊ ग्लोव्ह्ज हात वाचवतात आणि हात वाचला की डोक्यावर जास्त वेळा मारता येतं. उघड्या बोटांचे ४ औंसी ग्लोव्ह्ज भयंकर दिसतात, पण त्यात हात मोडायची भीती प्रत्येक ठोशामागे असते.

यावरून "एमएमए सुरक्षित" असा अर्थ काढू नका. हे लढतीच्या रात्रीचे आकडे आहेत, वीस वर्षांनंतरचे नाहीत. मेंदूच्या दीर्घकालीन झिजेचं, म्हणजे सीटीईचं, पक्कं निदान अजून मृत्यूनंतरच होतं. २०१६ मध्ये बेलाटोर या एमएमए कंपनीच्या जॉर्डन पार्सन्सचा रस्त्यावरच्या अपघातात मृत्यू झाला, वय २५, आणि त्याच्या मेंदूत सीटीई सापडला.

खुर्चीतला पंच

रेफरीची बाजू मांडतो. ३.५ सेकंद ऐकायला खूप वाटतात. फटका बसला हे दिसणं, तो लागला की सरकला हे ठरवणं, दोन पावलं पुढे जाणं आणि ८०-९० किलोच्या माणसाला अडवणं, एवढं त्यात येतं. जागा चुकली की संपलं. वरच्या माणसाच्या पाठीमागे उभा असलेल्या रेफरीला खालच्याचा चेहरा दिसतच नाही. उभं राहायचं ते डोक्याच्या बाजूला, कोनात, खालच्याचे डोळे दिसतील असं. थांबवताना वरच्याला मागून ओढण्यात वेळ जातो, त्यापेक्षा आपलं अंग मधे घालून खालच्याचं डोकं झाकायचं आणि वरच्याचा हात धरायचा.

बघायचं काय? खालचा माणूस फटक्यांबरोबर काही "करतोय" का. पाय मधे आणणं, मनगट धरणं, कूस बदलणं, कंबर सरकवणं, हे करत असेल तर चालू द्यायचं. नुसते कान झाकून पालथा पडला असेल तर एकदा मोठ्याने बजावायचं, आणि लगेच काही बदललं नाही तर थांबवायचं. दुसऱ्यांदा बजावणं म्हणजे आणखी चार-पाच ठोसे.

अडचण तांत्रिक कमी, भोवतालची जास्त. लवकर थांबवलं तर अख्खं सभागृह हुर्यो उडवतं, लढवय्या रागावतो, समालोचक रिप्ले दाखवून धोपटतात. उशिरा थांबवलं तर कोणी काही म्हणत नाही, उलट "काय जिगर आहे" म्हणतात.

चोकबद्दल एक भर. शुद्ध गेली की नाही कळत नसेल तर मोकळा हात उचलून सोडायचा. तो मेल्यासारखा पडला की लढत संपली. घोरल्यासारखा आवाज आला तर हातही उचलू नये, थेट सोडवावं.

नाठाळ

रेफरी, डॉक्टर सगळे आहेत तिथे. पण कॉर्नर (लढवय्याचा कोच आणि मदतनीस) काय करतो? लढत थांबवायला टाकायचा टॉवेल कोणाच्या खांद्यावर असतो?

खुर्चीतला पंच

एमएमएच्या संस्कृतीतलं सगळ्यात मोठं भगदाड तेच आहे. मुरलेल्या बॉक्सिंग कोचला टॉवेल टाकण्यात कमीपणा वाटत नाही. एमएमएत कोच लढत थांबवतोय हे दृश्य दुर्मीळ. मे २०२० मध्ये ग्लोव्हर टेशेराविरुद्ध लढताना अँथनी स्मिथने स्वतःचा पडलेला दात रेफरीच्या हातात दिला. तरी कॉर्नरने पाचव्या राउंडला पाठवलं आणि लढत अखेर तिथे टीकेओने संपली. पुढच्याच महिन्यात एका पदार्पणाच्या लढतीत दुसरा राउंड संपल्यावर तरुण लढवय्या स्टुलावर बसून पुन्हा पुन्हा सांगत होता की मला पुढे लढायचं नाही. कॉर्नर त्याला समजावत राहिला. शेवटी अधिकाऱ्यांनी मधे पडून थांबवलं. स्टुलावर बसून "नको" म्हणणं ही टिचकीच आहे आणि तिला तोच मान हवा.

राउंडमधल्या मिनिटाचा उपयोग कसा करायचा ते सांगतो. पहिले १०-१५ सेकंद श्वास आणि पाणी. मग दोन साधे प्रश्न, कितवा राउंड, समोर कोण. उत्तर अडखळलं, नजर स्थिर राहिली नाही किंवा उत्तराआधी लांब विराम आला तर अधिकाऱ्याला हाक मारायची. बहुतेक कॉर्नरमध्ये ते ६० सेकंद डावपेच ओरडण्यात जातात. ऐकणाऱ्याला त्यातलं एखादं वाक्य कळलं तरी नशीब.

पट्टीवाला

रक्ताबद्दल धागालेखकांशी सहमत. भुवईवरची चामडी हाडावर ताणलेली असते, कोपराच्या टोकाने ती फाटते आणि घामात मिसळून रक्त चौपट दिसतं. धोका रक्त जाण्याचा नसतो, ते डोळ्यात उतरून दिसेनासं होण्याचा असतो. कटमॅन (जखमा सांभाळणारा मदतनीस) आधी कोरड्या गॉझने पुसतो, मग १:१००० ॲड्रेनालिनमध्ये बुडवलेली काडी जखमेच्या आत दाबून धरतो, आणि शेवटी व्हॅसलिन. दाबणं निदान ३० सेकंद सलग हवं. मधेच "थांबलं का" बघायला काडी काढली की पुन्हा पहिल्यापासून. सुजेवर गार केलेला धातूचा एन्स्वेल नुसता ठेवून दाबतात. घासून सूज "हलवायला" गेलं की आतल्या केशिका आणखी फुटतात.

डॉक्टर थांबवतो तो जखमेच्या लांबीवरून नव्हे, जागेवरून. पापणीची कड फाटली, भुवईखालची नस उघडी पडली किंवा ओठाची जखम आरपार गेली, तर छोटी असली तरी बस्स. कपाळाच्या मधोमध चार इंच फाटली तरी बऱ्याचदा चालू देतात.

डोळ्यात बोट जाणं मात्र खरंच गंभीर आणि नियम तिथे ढिला. बोटं समोरच्याच्या डोळ्यांकडे रोखून हात पुढे ताणणं हा फाउल आहे, पण रेफरी आधी तोंडी समज देतात, मग आणखी एक, आणि गुण कापतात क्वचितच. पहिल्याच वेळी गुण गेला तर मुठी आपोआप वळतील.

हिशेबनीस

+१. शिक्षा नसलेला नियम म्हणजे विनंती.

मीठपाणी

वजनाबद्दल कोणीच बोललं नाही अजून, आणि धागालेखकांनी ते यादीत पहिलं टाकलंय.

लाइटवेटची मर्यादा १५५ पौंड, म्हणजे ७०.३ किलो. त्या गटातला लढवय्या एरवी ७७-८० किलोचा असतो. शेवटच्या आठवड्यात साधारण असं चालतं: पिष्टमय पदार्थ दिवसाला ५० ग्रॅमच्या खाली, कारण स्नायूंत साठलेल्या ग्लायकोजेनच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे ३ ग्रॅम पाणी असतं, ते दोन्ही जातं. मीठ कमी, चोथा कमी म्हणजे आतडी रिकामी. आधी काही दिवस ७-८ लिटर पाणी पिऊन मग झपाट्याने तोडायचं, म्हणजे मूत्रपिंडं जुन्याच वेगाने पाणी टाकत राहतात. शेवटचे ३-४ किलो घामातून, ४० अंशांच्या आसपासच्या टबात १०-१५ मिनिटं, मग टॉवेलात गुंडाळून तेवढीच. पुन्हा टब.

बिघडतं ते या शेवटच्या टप्प्यात. रक्तातलं पाणी कमी झालं की हृदय जोरात धावतं, त्वचेकडे रक्त पोचत नाही आणि घाम थांबतो. घाम थांबला म्हणजे शरीराची थंड व्हायची वाट बंद झाली, पण काट्यावर अजून अर्धा किलो जास्त असतो म्हणून माणसाला पुन्हा टबात उतरवतात. उष्माघात, मूत्रपिंड निकामी होणं, पोटॅशियम बिघडून हृदयाची लय चुकणं, सगळं याच अर्ध्या किलोपायी. डिसेंबर २०१५ मध्ये मनिलात वन चॅम्पियनशिप या आयोजक कंपनीच्या कार्यक्रमाआधी यांग जियानबिंग हा २१ वर्षांचा लढवय्या वजन उतरवताना गेला. एकही ठोसा न खाता.

त्यानंतर वनने लघवीची घनता तपासायला सुरुवात केली, १.०२५ च्या वर गेली की नापास. कल्पना चांगली, पण पळवाट आहे. ऐन तपासणीआधी भसाभसा पाणी प्यायलं की लघवी पातळ येते आणि स्नायू कोरडेच असतात. कॅलिफोर्नियाने दुसरं टोक धरलं: लढतीच्या दिवशी पुन्हा वजन करा, मर्यादेपेक्षा १० टक्क्यांहून जास्त वाढलं असेल तर वरच्या गटात जायला सांगा. मला हे जास्त पटतं, कारण यात फसवायचं तर प्रत्यक्ष बारीकच व्हावं लागतं.

यूएफसीने २०१६ मध्ये वे-इन (अधिकृत वजन करणं) आदल्या संध्याकाळऐवजी आदल्या सकाळी आणलं. हेतू असा की भरपाईला जास्त तास मिळावेत. त्याबरोबर जास्त वजन तोडायची हिंमतही आली. शिवाय भरपाई करताना नुसतं पाणी ढोसलं की रक्तातलं सोडियम पातळ होतं, ती वेगळी आणीबाणी. मिठा-साखरेचं पाणी घोट घोट, तासाला साधारण १ लिटर, यापेक्षा घाई करून काही हाती लागत नाही.

कडूकारलं

हे वाचून माझा कांट थोडा बाजूला ठेवतो. इथे समोरचा माणूस नाहीच, स्वतःच्याच शरीराशी चाललंय. पण मग बंदीची बाजू मजबूत होते, कमजोर नाही.

हिशेबनीस

बंदीआधी पैसा बघा, कारण "स्वेच्छेने लढतात" हा समर्थकांचा हुकमी पत्ता तिथे तपासता येतो.

यूएफसीत नवख्याचा करार बरीच वर्षं "१० आणि १०", नंतर "१२ आणि १२" असा असायचा. म्हणजे उतरल्याचे १२ हजार डॉलर, जिंकलात तर आणखी १२. हरलात तर निम्मे. त्यातून मॅनेजरचे १०-२० टक्के, जिमचे साधारण १०, वैद्यकीय तपासण्या, कर. वर्षाला दोन-तीन लढती. ज्याचं निम्मं उत्पन्न पुढच्या पाच मिनिटांवर टांगलंय तो स्टुलावर बसून "नको" म्हणेल का, सांगा. वर धडाकेबाज लढतीला बोनस आहेच, बरीच वर्षं ५० हजार डॉलरचा. सावध, डोकं वाचवून खेळणाऱ्याला तो क्वचितच मिळतो.

लढवय्ये नोकर नाहीत, स्वतंत्र कंत्राटदार आहेत. २०११ पासून सरावातल्या इजेलाही विमा आहे, पण निवृत्तीनंतर मेंदू कुरकुरला तर त्यात काही नाही. अमेरिकेत बॉक्सरांना २००० चा मोहम्मद अली कायदा आहे, त्यात आयोजकाला आपली कमाई बॉक्सरसमोर उघड करावी लागते आणि मॅनेजर व आयोजक एकच असू शकत नाही. एमएमए त्या कायद्याबाहेर. २०१४ मध्ये लढवय्यांनी यूएफसीवर मक्तेदारीचा खटला भरला, त्यात पुढे आलेल्या हिशेबांनुसार उत्पन्नातला त्यांचा वाटा २० टक्क्यांच्या आसपास किंवा कमी. अमेरिकेतल्या बास्केटबॉल-फुटबॉल लीगमध्ये संघटनांमुळे तो निम्म्याच्या घरात असतो. खटला ३७.५ कोटी डॉलरवर मिटला, न्यायालयाचा शिक्का बसला फेब्रुवारी २०२५ मध्ये.

तत्त्वज्ञ मिलने स्वातंत्र्याची एवढी बाजू घेतली, पण स्वतःला गुलामीत विकायचं स्वातंत्र्य त्यानेही मान्य केलं नव्हतं. हे गुलामी आहे असं म्हणत नाही. संमतीची किंमत कोणत्या परिस्थितीत ती दिली यावर ठरते, एवढंच.

नाठाळ

आणि अमेरिकेतल्या नेवाडा राज्याच्या क्रीडा कमिशनने २०२२ मध्ये थप्पड स्पर्धेला मान्यता दिली त्याचं काय? हात मागे, डोळे समोर, फटका चुकवला तर फाउल. एमएमएत निदान वाकता येतं.

मज्जारज्जू

ते भयंकर आहे. लढण्याच्या कलेचा अर्धा भाग म्हणजे मार चुकवणं. तो नियमानेच काढून टाकला तर खेळ म्हणायला काही उरत नाही, उरते ती इजा. एमएमएला विरोध आणि त्याला मौन, हा प्रकार मला कळत नाही.

पिंजरापंथी

बंदीवर येतो. नॉर्वेत नॉकआउटवर आधारित व्यावसायिक खेळांवर १९८१ पासून कायदेशीर बंदी होती, बॉक्सिंगला २०१४ मध्ये अटींवर सूट मिळाली. फ्रान्सने एमएमएला २०२० मध्ये मान्यता दिली, बॉक्सिंग महासंघाच्या छत्राखाली, तोवर मुख्य आक्षेप पडलेल्याला मारण्यावर होता. न्यूयॉर्कने १९९७ ची बंदी २०१६ मध्ये उठवली. बंदीच्या काळात लढवय्ये सीमेपलीकडे लढत होते किंवा स्थानिक "हौशी" कार्यक्रमांत, जिथे मेंदूचं स्कॅन सोडा, रुग्णवाहिकाही नसायची अशा ठिकाणी. बंदीपेक्षा मान्यता कडक करा असं मी म्हणतो ते एवढ्यासाठी. परवाना हवा असेल तर शस्त्रक्रियेची सोय असलेलं रुग्णालय आधी कळवलेलं हवं आणि रुग्णवाहिका दारात. ती निघून गेली तर दुसरी येईपर्यंत लढती थांबवायच्या.

आणि पिंजऱ्याला घाबरू नका. दोरांच्या रिंगमध्ये पकडीत असलेले दोघं दोरांमधून खाली कोसळतात, जाळी ते थांबवते. दिसायला गुन्हेगारी, कामाला सुरक्षित. उलट जपानमधल्या प्राइड या स्पर्धेची रिंग सोज्वळ दिसायची, पण तिथे पडलेल्याच्या डोक्यावर लाथ आणि टाच, दोन्ही चालायचं.

कडूकारलं

कडक मान्यता असूनही डब्लिनला एप्रिल २०१६ मध्ये जोआओ कार्व्हाल्यो गेलाच की.

मज्जारज्जू

तिथे कडक मान्यता नव्हतीच, आयर्लंडमध्ये तेव्हा एमएमएला सरकारमान्य नियामक नव्हता. टीकेओनंतर तो शुद्धीत होता, थोड्या वेळाने बिघडला, मेंदूवर शस्त्रक्रिया झाली, दोन दिवसांनी गेला. कवटीखालचा रक्तस्राव असाच हळू वाढतो. म्हणून हरलेल्याला ड्रेसिंग रूममध्ये एकटं सोडायचं नाही. वाढती डोकेदुखी, उलटी, पेंग, डोळ्याची एक बाहुली मोठी, यांतलं काहीही दिसलं की थेट रुग्णालय. वेदनाशामक म्हणून ॲस्पिरिन तर अजिबात नाही, रक्तस्राव वाढतो.

वाचनमात्र

गेले दोन दिवस नुसता वाचतोय. साधा प्रश्न. पंधरा वर्षांच्या मुलाला एमएमए शिकायचंय. वरचं सगळं वाचून काय करावं? जिममध्ये काय बघावं?

लंगोटबंद

शिकू दे. पहिली दोन वर्षं कुस्ती किंवा ज्युजुत्सू, उभ्याचं काम पॅडवर आणि पिशवीवर. जिमला जाऊन तिथल्या जोरकस स्पारिंगचा (सरावाच्या लढतींचा) दिवस बघा, चकाचक भिंती नंतर. कोच मधे फिरतोय की फोनवर आहे? ७० किलोच्या मुलासमोर ९० किलोचा उभा केलाय का? कोणी डगमगला तर राउंड थांबवतात की हसतात? या वयात डोक्यावर फटके बंद, आणि वजन तोडणं पूर्ण बंद. जो भरतोय त्या गटात खेळेल.

मज्जारज्जू

त्यात एक भर. डोक्याला मार लागला की परत येण्याचे टप्पे असतात: आधी पूर्ण विश्रांती एक-दोन दिवस, मग चालणं-सायकल, मग एकट्याने तंत्र, मग विनासंपर्क जोडीकाम, आणि डॉक्टरने लिहून दिल्यावरच संपर्क. प्रत्येक टप्प्याला निदान २४ तास, लक्षण परत आलं की एक टप्पा मागे. व्यावसायिकांना टीकेओनंतर साधारण ३० दिवस, नॉकआउटनंतर ६० किंवा जास्त दिवस लढतीची मनाई होते, पण ती कमिशनच्या कागदावर. जिममध्ये तो तिसऱ्या दिवशी स्पारिंग करतोय का हे तपासायला कोणी येत नाही. कोचला सरळ विचारा की इथे डोक्याला लागल्याची वही ठेवता का. नसेल तर दुसरी जिम बघा.

वाचनमात्र

आणि हेल्मेट घातलं तर?

मज्जारज्जू

चामडी फाटायची वाचते, कान वाचतात, दोन डोकी आपटली तर उपयोग होतो. डोकं फिरायचं थांबत नाही, उलट वजन आणि घेर वाढल्याने फटका जास्त ठिकाणी लागतो. ऑलिंपिक बॉक्सिंगवाल्यांनी पुरुषांचं हेडगार्ड २०१३ मध्ये काढलं. दातांचं गार्ड मात्र साच्यातून करून घ्या, ते सैल असेल तर ठोशाबरोबर घशाकडे सरकतं.